रुमालाखालचा अंदाज

कायदा करायचा म्हटलं की मसुद्याच्या शेवटी एक कागद जोडावा लागतो. त्याला वित्तीय ज्ञापन म्हणतात. हा कायदा झाला तर सरकारला खर्च किती येईल, एवढंच त्यात सांगायचं असतं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, हा कागद लिहायला मोठी गणिती डोकी बसत असणार. नंतर कळलं की तिजोरीवर काहीही भार पडणार नाही अशा अर्थाचं एक वाक्य आमच्यात वडिलोपार्जित चालत आलंय, आणि निम्म्याहून अधिक काम तेच भागवतं. माझे पहिले साहेब ते वाक्य इतकं सुबक लिहायचे की वाचणाऱ्याला खर्चाचा विचारच सुचू नये. जिथं खर्च येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, तिथं ते मागच्या एखाद्या कायद्याचा आकडा काढायचे, वर थोडी महागाई शिंपडायचे आणि सगळं गोल करायचे. गोल आकड्यावर त्यांचा फार जीव. शेवटी शून्यं दिसली की वरचे प्रश्न विचारत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

अलीकडं वरच्यांनाच वाटू लागलं की हे असं चालायचं नाही. मग नवीन पद्धत आली. संगणकावर एक फॉर्म, त्यात प्रत्येक खर्चापुढं तीन चौकटी: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. खाली एक प्रश्न, हा आकडा कुणाकडून मिळाला? आम्हाला पुण्याच्या एका हॉटेलात नेऊन प्रशिक्षण दिलं. शिकवणारा तरुण मोठा गोड होता. अंदाज जमिनीवरून आला पाहिजे, असं तो परत परत सांगत होता आणि हॉटेलच्या गालिच्याकडं बोट दाखवत होता. जेवण मात्र उत्तम होतं, ते कबूल केलं पाहिजे.

पद्धतीची चाचणी घ्यायला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे निवडले. मी सांगलीची लेक आणि साताऱ्याची सून. त्यामुळं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला वेगळा अंदाज लागला नाही.

चाचणीसाठी जे विधेयक आलं, ते वाचून मी खुर्चीत ताठ बसले. जिथं जिथं आठवडी बाजार भरतो, तिथं बायकांसाठी शौचालय हवं. बाजार भरल्यापासून उठेपर्यंत ते उघडं हवं, आत पाणी हवं. हा विषय मागेही एकदा येऊन गेला होता. तेव्हा कुणीतरी शहरातल्या एका झकपक एसटी स्थानकाच्या शौचालयाचा खर्च घेतला, त्याला राज्यातल्या बाजारांच्या संख्येनं गुणलं, आणि जो आकडा आला तो बघून सगळ्यांनी हात वर केले. विधेयक बासनात गेलं.

मला त्याचं एवढं का लागलं, तर माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ह्या आत्या कोरेगावच्या अलीकडं एका गावच्या बाजारात घेवडा विकायला बसतात. घरात खायला नाही म्हणून नव्हे. उसाचं शेत आहे, मुलगा कमावता आहे, सून सरकारी आहे. पण ऊस काय, एकदा ट्रॅक्टरमध्ये भरला की गेला कारखान्याला; त्यात कुणाशी घासाघीस करायला मिळत नाही. घेवड्यात मिळते. बाजाराच्या दिवशी आत्या पहाटे अर्धा कप चहा घेतात आणि त्यानंतर संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नाहीत. कारण उघड आहे. बाजारात पुरुषांना अख्खी भिंत आहे, बायकांना काही नाही.

ह्यातून आधी जळजळ सुरू झाली, मग मूतखडा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आजी, दिवसभर पाणी प्या, नाहीतर बाजार सोडा. पुढच्या खेपेला मूत्रपिंडावर येईल. आत्यांनी घरी येऊन मला जाब विचारला, जणू डॉक्टर मीच पाठवला होता.

"बाजार सोडला तर मी झुरून मरीन. पानी पिलं तर लाजंनं मरीन. आता तूच सांग, ह्यातलं कंचं मरान बरं?"

मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. बाजाराच्या दिवशी ऑफिसात बसून मी पाणी प्यायले की घशाखाली नीट उतरायचं नाही. म्हणून ते विधेयक टेबलावर आलं तेव्हा मी ठरवलं, ह्या वेळी आकडा असा द्यायचा की कुणाला हात वर करता येऊ नयेत.

पहिली बैठक सांगलीकडच्या एका गावात घेतली. सरपंच, एक ठेकेदार, एक गवंडी आणि बघायला आलेले बरेच जण. मी फॉर्म उघडून विचारलं, दोन खोल्या, वर टाकी, खाली शोषखड्डा, अंदाजे किती येईल?

ठेकेदार गवंड्याला म्हणाला, "सांग की रं."

"आमी काय सांगनार? मालकांनी सांगावं."

"मॅडम, चा घ्या," सरपंच म्हणाले.

मी चहा घेतला आणि परत विचारलं. ठेकेदार अदबीनं म्हणाला, "तसं न्हवं मॅडम. बजेट किती हाय तुमचं?"

"बजेट नाहीये. मला अंदाज हवाय."

"व्हय व्हय, अंदाजच. पन किती बजेटचा?"

असं आम्ही दुसऱ्या चहापर्यंत गोल गोल फिरलो. ताकास तूर कुणी लागू दिली नाही. शेवटी मी निघाले, तेव्हा ठेकेदार गाडीपर्यंत आला, इकडंतिकडं बघून त्यानं एक आकडा कुजबुजला. तो ऐकून मी गाडीचं दार घट्ट धरलं. त्यावर त्यानं मला समजावलं, "त्येचं काय हाय, सरकार निम्मं कापतंय म्हनून दुप्पट सांगितला. मदी तुमी निम्मं कापनार, म्हनून आनखी दुप्पट."

मी म्हटलं, दादा, नवीन मशीन काहीच कापत नाही, जे सांगाल ते तसंच वर जातं. त्यानं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि दार लावून दिलं.

घरी येऊन मी आत्यांपुढं हे सगळं गाऱ्हाणं मांडलं. त्या घेवडा पाखडत होत्या. हसून हसून त्यांच्या हातातलं सूप हललं.

"अगं येडे, चारचौघांत भाव कोन सांगतंय व्हय? एकानं तोंड उघाडलं की दुसरा त्येच्या खाली जानार, न्हाईतर वर बसनार. जनावरांच्या बाजारात कवा बगितलं न्हाईस? रुमालाखाली बोटं धरायची."

बघितलं होतं की. म्हशीचा सौदा करताना दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, आतल्या आत बोटं दाबून किंमत सांगतात, आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा चालतात. सांगलीत एके काळी हळदीचे सौदेही असेच व्हायचे, ते मी माहेरी ऐकलेलं. पण माझ्या डोक्यात प्रशिक्षणातला गालिचा बसला होता. जमीन म्हणजे हीच, हे सुचलंच नाही.

पुढची बैठक मी आत्यांच्याच बाजारगावी ठेवली, बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाजार विरळ झाल्यावर. जाताना माधवनगरच्या गिरणीतला जुना टॉवेल पिशवीत घातला. तिथल्या ठेकेदाराला आणि गवंड्याला सगळं नीट समजावलं. एकेकानं पुढं यायचं, आकडा फक्त मला कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. सगळ्यांनी खुशीत माना डोलावल्या. मी टॉवेल पसरला, खाली हात घातला आणि म्हटलं, या.

ठेकेदार उठून पुढं येता येता जागीच थबकला.

"आवं बाईसाहेब, तुमच्या हातात हात? न्हाई जमायचं. घरी कळलं तर मला भाकरी मिळायची न्हाई."

गवंड्यानं तर दोन्ही हात पाठीमागं लपवले. तिथले सरपंच निवृत्त सुभेदार. ते खुर्चीतून ताठ उठून म्हणाले, "मॅडम, ये प्रोटोकॉल में नहीं बैठता." झालं. इतक्या मोठ्या सुधारणेचं घोडं माझ्या हातापाशी येऊन अडलं.

आत्या मागं पोत्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "सरक तू. आना हिकडं त्यो रुमाल."

माझे सासरे फौजेत होते. वर्षातून एकदा यायचे, तेही शेतीचं काम सोडून सगळं बघायला. तोवर घरच्या म्हशींचे सौदे आत्याच करायच्या. गावात सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशीच्या हाताला हात लावायला कुणाची ना असणार? ठेकेदार निमूट समोर बसला. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. वर आत्या त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करत होत्या आणि खाली टॉवेल आत मांजराचं पिल्लू शिरल्यासारखा हलत होता. मधेच ठेकेदाराच्या भुवया वर चढल्या.

"न्हाई मावशी, मरंन मी."

"मर की. पन आदी बांद आनि मग मर."

परत टॉवेल हलला. ठेकेदारानं कपाळ पुसलं आणि मान हलवली. आत्यांनी माझ्या कानात आकडा सांगितला. त्यानंतर गवंडी आला, मग पाण्याची पाइपलाइन बघणारा आला. प्रत्येक जण येताना हसत यायचा आणि जाताना हात झटकत जायचा. मी आकडे भरत गेले. बेरीज दिसली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. मागच्या विधेयकाच्या मानानं हा खर्च इतका थोडा होता की आता वरचे नाही म्हणतील कशाला? परतीच्या वाटेवर मी आत्यांना रसवंतीत नेलं, मोठा ग्लास सांगितला. त्यांनी घोटभर घेऊन उरलेला मलाच प्यायला लावला.

घरी येऊन फॉर्म तपासायला बसले तेव्हा पाल चुकचुकली. पाण्याच्या खर्चापुढं शून्य. देखरेखीपुढं शून्य. लोखंडी दरवाजापुढंही शून्य.

"आत्या, हे आकडे आले कसे?"

"आले कसं? आनलं! त्यो वर चढत हुता, मी खाली उतरीवला."

"अहो, मला सौदा नको होता. त्याला खरोखर किती खर्च येईल ते हवं होतं."

"मंग घासाघीस केल्याबिगर खरं कसं कळायचं?" त्यांनी मलाच विचारलं. आणि मग अभिमानानं एकेक सांगत गेल्या. दरवाजा शाळेचा जुना पडलाय, तो सुभेदार देणार. पाणी आमच्याच बोअरचं. किल्ली आत्यांकडं, झाडणं, धुणं, उघडणं, बंद करणं, सगळं आत्या करणार. ठेकेदाराला त्यांनी नफा तर सोडायला लावलाच, शिवाय त्याच्या पोरीच्या लग्नात आत्या देणार तो आहेर खर्चातून वळता करून घेतला होता.

मी डोक्याला हात लावला. हा आकडा राज्यभरच्या बाजारांसाठी वापरला जाणार होता, आणि प्रत्येक बाजारात एक आत्या मोफत पुरवावी असं कलम विधेयकात कुठंच नव्हतं.

आता खरं सांगते, मला मोह झाला. आकडा तसाच पाठवला असता तर विधेयक सरळ पुढं गेलं असतं. पण मी अशी शौचालयं फिरतीवर खूप बघितली होती. छान रंगवलेली भिंत, उद्घाटनाची पाटी, दाराला कुलूप, आणि फटीतून बघावं तर आत कुणाचा तरी कडबा. कारण दरवेळी अंदाजात भिंती धरलेल्या आणि ती रोज धुणारी बाई धरलेलीच नाही. असं कुलूपबंद शौचालय समोर ठेवून आत्या तहानेल्या बसल्या असत्या. आणि खरा आकडा पाठवला तर? तो पुन्हा बासनात गेला, तर बसायचं तेही त्यांनाच. मी बराच वेळ त्या चौकटींकडं बघत बसले आणि मग चिडून खरं ते भरलं. ठेकेदाराला फोन करून त्याचा नफा परत दिला. तो इतका गहिवरला की त्यानं मला ताई म्हटलं. पाण्याचे पैसे धरले, देखरेखीला बाईची मजुरी धरली, साबण आणि फिनेलसुद्धा धरलं. आकडा कुणाकडून मिळाला, ह्यापुढं दरसूची, निविदा, तज्ज्ञ आणि इतर असे पर्याय होते. मी इतर निवडलं आणि लिहिलं, रुमालाखाली.

आत्यांना कळल्यावर घरात भूकंप झाला. कोयनेचे धक्के सोसलेलं घर ते, पण हा जड गेला.

"म्या उतरीवलेला भाव तू चढीवलास? सांगलीची ना तू! हळदीचा भाव चढवायची सवय जाईल कशी?"

दोन दिवस मला बिनसाखरेचा चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी कप ठेवता ठेवता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आनि त्या झाडनाऱ्या बाईला किती धरलंस?"

मी मजुरी सांगितली.

"यवढं? निस्तं झाडाय-धुवाय?"

"हो. काम आहे ते."

संध्याकाळी माझा नवरा ऑफिसातून आला, तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच त्याच्या हातात केरसुणी दिली. का, ते आजतागायत त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आठवड्यानं मुंबईहून फोन आला. पलीकडचे अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हा 'रुमालाखाली' काय प्रकार आहे? लाचलुचपतचं काही नाही ना?" मी समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि आकडा गोल का नाही?" तेही सांगितलं. त्यांना आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं होतं. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. पण देखरेखीचा दरवर्षी होत राहतो, आणि काही वर्षांत तो भिंतींना मागं टाकतो. आजवर हे कुणी वेगळं करून दाखवलंच नव्हतं. म्हणून राज्यभरचा गुणाकार करण्याआधी एक शौचालय खरोखर बांधून, चालवून बघायचं ठरलं. कुठं बांधावं असं त्यांनी विचारलं. मी अजिबात दडपण आणलं नाही. एका गावी जागा तयार आहे, सरपंच फौजी आहेत आणि ठेकेदार मला ताई म्हणतो, एवढंच कानावर घातलं.

विधेयक अजून विधेयकच आहे. त्याचं काय होईल हे मला माहीत नाही आणि त्याचा अंदाज मी बांधणार नाही. पण आत्यांच्या बाजारात दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर टाकी चढली, एक पगारी बाई लागली. ते उघडलं त्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकून गेले.

आत्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. पुढं घेवड्याची रास, बाजूला काटा. दुपार झाली होती आणि त्यांचे ओठ सुकले होते. मी बाटली पुढं केली.

"नगं."

"आत्या, अहो, ते उघडलंय. मी बघून आले. स्वच्छ आहे, कडी आहे, पाणी आहे."

"ठावं हाय. म्या बी सकाळी बसायच्या आदी बगून आले."

"मग?"

त्यांनी घेवड्यावरून हात फिरवला. "सवय न्हाई गं राह्यली. आता तान लागतच न्हाई."

त्या फॉर्ममध्ये एवढ्या चौकटी होत्या, पण हे भरायला जागा नव्हती. रडू आलं आणि रागही आला, आणि आमच्या घरात रडण्यापेक्षा रागाचा उपयोग जास्त होतो. मी तिथंच मांडी घातली आणि मोठ्यांदा ओरडले, "घेवडा अर्ध्या भावात! या बायांनो, अर्ध्या भावात!"

चार डोकी लगेच वळली. आत्यांनी माझ्या हातातली बाटली हिसकावून घेतली. "गप! पिती, पिती." आणि माझ्याकडं डोळे वटारून बघत त्या पाणी प्यायल्या. आधी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि मग बाटली रिकामी होईपर्यंत त्या थांबल्याच नाहीत.

काही वेळानं त्यांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पदर नीट केला आणि काटा माझ्याकडं सरकवला.

"नीट बस हितं. भाव उतरू नगंस. आनि कुनी वर फुकट घालाय मागितलं तर मूठभरच घाल, तुझी न्हाई, माझी मूठ."

इतक्या वर्षांत बाजार उठायच्या आधी त्या पहिल्यांदा जागेवरून उठल्या. गर्दीतून त्यांचं हिरवं लुगडं लांब जाताना मी बघत राहिले. तेवढ्यात गिऱ्हाइकांनी मला घेरलं. एकीनं भाव पाडला, दुसरीनं वर फुकटच्या तीन मुठी घेतल्या, तिसरी पैसे उद्या देते म्हणून गेली आणि मी हो म्हटलं. कायद्याच्या खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या बाईला शेरभर घेवडा धड विकता येईना.

आत्या सावकाश परत आल्या. तोंड धुतलेलं होतं, पदराचं टोक ओलं होतं. रास किती उतरलीय आणि डब्यात पैसे किती आहेत, ते दोन्ही त्यांना एका नजरेत दिसलं असणार. आता माझी खैर नाही म्हणून मी मान खाली घातली. त्या हळूच पोत्यावर टेकल्या, पाय लांब केले आणि रिकामी बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

"आनखी पानी हाय का गं?"